तांबेरा: रोग पिकाचा, प्रश्न व्यवस्थेचा

गव्हाच्या पानावरून बोट फिरविले आणि बोटाला विटकरी रंगाची भुकटी लागली, की शेतकऱ्याला वेगळे काही सांगावे लागत नाही. तांबेरा आला हे तो ओळखतो. ‘पिकावर रोग पडला’ असे म्हणण्याची आपल्या ग्रामीण भाषेची पद्धत आहे, आणि ती एका अर्थाने शास्त्रशुद्धही आहे. कारण हा रोग खरोखरच वाऱ्यावरून येऊन पिकावर पडतो. परंतु या शब्दप्रयोगात एक धोकाही दडलेला आहे. जे आकाशातून पडते त्याला कोणीच जबाबदार नसते अशी समजूत त्यातून बळावते. रोग पडणे ही निसर्गाची घटना आहे. त्या रोगाने कोणाचे घर मोडावे, कोणी निभावून न्यावे आणि कोणाचा धंदा वाढावा, हे मात्र निसर्ग ठरवीत नाही. ते समाजाची रचना ठरविते. शेतीच्या प्रश्नाची चर्चा हमीभाव, कर्ज आणि पाणी यांभोवती फिरत असताना बुरशीसारख्या ‘तांत्रिक’ विषयाकडे राजकीय विचार करणारी माणसे सहसा वळत नाहीत. तो कृषी विद्यापीठांचा किंवा औषधविक्रेत्यांचा विषय आहे असे मानले जाते. ही समजूत तपासून पाहण्याची गरज आहे.

प्रथम रोगाचे स्वरूप. तांबेऱ्याच्या बुरशींच्या सात हजारांहून अधिक जाती शास्त्रज्ञांनी नोंदविल्या आहेत. गहू, सोयाबीन, भुईमूग, ऊस, कॉफी यांच्यापासून बागेतल्या गुलाबापर्यंत आणि शेवंतीपर्यंत अनेक वनस्पतींवर त्यांतील कोणती ना कोणती जात पोसली जाते. या बुरशीचे वैशिष्ट्य असे, की ती निसर्गात जिवंत वनस्पतीवाचून वाढू शकत नाही. ती पिकाला तडकाफडकी मारीत नाही. त्याच्या पानातले अन्न खात राहते आणि दाणा भरू देत नाही. अनुकूल हवामानात एक-दोन आठवड्यांत तिची नवी पिढी तयार होते आणि एकेका पुटकुळीतून हजारो बीजाणू वाऱ्यावर सुटतात. गव्हावर तिचे तीन प्रकार येतात: खोडावरचा काळा, पानावरचा तपकिरी आणि पट्ट्यापट्ट्यांनी येणारा पिवळा.

हे बीजाणू दरवर्षी येतात कोठून, या प्रश्नाचे भारतापुरते उत्तर आग्रा कॉलेजातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी शोधले. मैदानी मुलखातल्या उन्हाळ्यात गव्हावरील तांबेऱ्याचे बीजाणू तग धरू शकत नाहीत. ते टिकतात हिमालयाच्या आणि दक्षिणेकडील निलगिरी व पळणी यांच्या थंड डोंगरांवर, आणि तेथून हंगामाच्या वेळी पुन्हा खाली उतरतात, हे त्यांनी वर्षानुवर्षांच्या निरीक्षणांतून दाखविले. त्यांचा प्रबंध १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९७०च्या दशकात भारतीय संशोधकांनी बंगालच्या उपसागरातील वादळांच्या मार्गांशी ताडून पाहून, निलगिरीवरचे बीजाणू मध्य भारतातील गव्हापर्यंत कसे पोहोचतात याचे नकाशे मांडले. १९४६-४७ च्या हंगामात काळ्या तांबेऱ्याची जी मोठी साथ आली तिने देशाचा सुमारे वीस लाख टन गहू बुडविला असा अंदाज आहे. अन्नासाठी परदेशांकडे हात पसरणाऱ्या, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील देशाला हा घाव लहान नव्हता.

निलगिरीवर सुटलेला बीजाणू नर्मदेच्या खोऱ्यात येऊन पडतो, या एका वस्तुस्थितीत अर्थशास्त्राचा एक मोठा धडा सामावलेला आहे. शेताला बांध असतो, सातबाऱ्यावर नाव असते, पण बुरशीला बांध नसतो. एकाने वेळेवर काळजी घेतली आणि शेजाऱ्याने घेतली नाही तर पहिल्याचा खर्च पाण्यात जातो. एकाने रोगट अवशेष शेतात ठेवले तर त्याची किंमत सारा गाव मोजतो. ज्या कामाचा लाभ कोणा एकाला राखून ठेवता येत नाही आणि ज्याच्या हयगयीचा भुर्दंड सर्वांना बसतो, ते काम बाजाराच्या हाती सोपविले तर पुरेसे होत नाही, हे सनातनी अर्थशास्त्रालाही मान्य आहे. देवीची लस जशी सार्वजनिक बाब होती, तसे पिकांच्या साथीच्या रोगांचे नियंत्रण ही सार्वजनिक बाब आहे.

हे केवळ समाजवाद्यांचे म्हणणे आहे असे कोणी समजू नये. १९१६ साली अमेरिकेत काळ्या तांबेऱ्याने गव्हाचा फडशा पाडला, तेव्हा खाजगी मालमत्तेला पवित्र मानणाऱ्या त्या देशाने १९१८ पासून एक विलक्षण सरकारी मोहीम हाती घेतली. ही बुरशी आपल्या जीवनचक्राचा एक भाग बार्बेरीच्या झुडपावर काढते. तेव्हा लोकांच्या अंगणांत शोभेसाठी लावलेली बार्बेरीची झुडपेसुद्धा सरकारी माणसांनी उपटून काढली. अनेक दशके चाललेल्या या मोहिमेत कोट्यवधी झुडपे नष्ट झाली. ब्राझीलचे उदाहरण याहून ताजे आहे. तेथे २००१ मध्ये सोयाबीनवरील आशियाई तांबेरा आढळला आणि काही वर्षांतच त्याच्या नियंत्रणाचा व नुकसानीचा वार्षिक खर्च दोन अब्ज डॉलरच्या घरात गेला. केवळ औषधे फवारून भागत नाही असे दिसताच २००६ पासून तेथील राज्यांनी कायदा केला, की वर्षातील ठराविक काळ कोणाच्याही शेतात सोयाबीनचे एकही जिवंत झाड असता कामा नये. हजारो एकरांच्या बड्या जमीनदारांनाही हा नियम लागू झाला. बुरशीला उपाशी ठेवावयाचे असेल तर सर्वांनी मिळूनच ठेवावे लागते, हे भांडवलशाही शेतीलाही पटले.

रोग आणि आपत्ती यांतील फरक इतिहासाने अधिक निष्ठुरपणे दाखविला आहे. १८४५ पासून आयर्लंडमधील बटाट्यावर करपा आला. (त्याचा कारक जीव आजच्या वर्गीकरणात खऱ्या बुरशीत मोडत नाही; पण त्याची करणी बुरशीसारखीच.) तोच करपा बेल्जियम आणि हॉलंड येथेही होता. तथापि सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देशोधडीला लागली ती आयर्लंडमध्ये. कारण तेथील कुळाकडे धान्य पिकवून खंड भरावयाचा आणि स्वतः जगावयाचे ते एका बटाट्यावर, अशी जमीनदारी व्यवस्था होती. त्या काळातही आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि जनावरे बाहेर जात होती. सिलोनमध्ये १८६९ साली कॉफीवर तांबेरा आला. जगातील एक मोठा कॉफी-उत्पादक म्हणून मिरविणाऱ्या त्या बेटावरचा हा व्यवसाय वीस वर्षांत आटोपला. डोंगरच्या डोंगर एकाच झाडाने झाकल्यामुळे बुरशीला मोकळे रान मिळाले, हे मार्शल वॉर्ड या तरुण शास्त्रज्ञाने त्याच वेळी सांगितले होते. पुढे भांडवल चहाकडे वळले आणि मळे पुन्हा हिरवे झाले. तमिळ मुलखातून तेथे गेलेल्या मजुरांना मात्र असे एका पिकातून दुसऱ्या पिकात वळण्यापुरती सवड आणि शिल्लक कोठून असणार?

या प्रश्नाचे सर्वांत वेदनादायक रूप १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात दिसले. १९४२ च्या हंगामात बंगालमधील भातावर तपकिरी ठिपक्यांचा बुरशीजन्य रोग आला होता. वनस्पतिरोगतज्ज्ञ पद्मनाभन यांची १९४३ मध्ये बंगालमध्ये नेमणूक झाली आणि त्या भीषण काळाचे ते साक्षीदार ठरले. १९७३ मध्ये त्यांनी बांकुडा आणि चिनसुरा येथील सरकारी प्रक्षेत्रांवरच्या नोंदींच्या आधारे असे मांडले, की रोगाने भाताच्या अनेक वाणांचे उत्पन्न निम्म्याहून खाली आणले होते आणि दुष्काळाच्या मुळाशी हा रोग होता. १९८१ मध्ये अमर्त्य सेन यांनी दुसरी बाजू मांडली. त्यांच्या हिशेबाप्रमाणे १९४३ मधील बंगालचा तांदूळपुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा केवळ पाच टक्क्यांनी कमी होता, आणि ज्या १९४१ साली दुष्काळ नव्हता त्या सालापेक्षा तो सुमारे तेरा टक्क्यांनी जास्तच होता. मग माणसे का मेली? युद्धखर्चाने किमती भडकल्या, ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने किनारपट्टीवरील नावा आणि धान्य काढून घेतले, कलकत्त्याच्या पुरवठ्याला अग्रक्रम दिला. ज्यांच्याकडे केवळ श्रम विकावयाचे होते त्या शेतमजुरांची, कोळ्यांची आणि कारागिरांची तांदूळ विकत घेण्याची शक्तीच संपली. सुमारे तीस लाख माणसे मेली असा सेन यांचा अंदाज आहे.

या दोन प्रतिपादनांवर विद्वानांत वाद झाला आणि त्या काळातील पीक-आकडेवारी कच्ची असल्यामुळे तो पुरता मिटणे अवघड आहे. परंतु सामान्य वाचकाला त्यातून एक निष्कर्ष निःशंकपणे काढता येतो. बुरशीने किती भात खाल्ला यावर मतभेद होऊ शकेल. पण उरलेला भात कोणाच्या ताटात जावा हे बुरशीने ठरविले नाही, याबद्दल मतभेद होऊ शकत नाही. रोगाला दोष देणे सत्ताधाऱ्यांना नेहमीच सोयीचे असते, कारण बुरशी चौकशी समितीपुढे साक्ष द्यावयास येत नाही.

साथींना आमंत्रण देण्याचे कामही बहुधा माणसाची व्यवस्थाच करते. १९७० मध्ये अमेरिकेतील मक्याचे सुमारे पंधरा टक्के पीक एका करप्याने गेले. संकरित बियाणे स्वस्तात तयार करता यावे म्हणून कंपन्यांनी मक्याच्या बहुतेक क्षेत्रावर एकाच आनुवंशिक घडणीचे वाण पसरविले होते, आणि नेमक्या त्याच घडणीवर मात करणारी बुरशी निपजली. भारतात १९६५ मध्ये संकरित बाजरीचा पहिला वाण आला. या वाणांची मादी बाजूही एकाच परदेशी वंशाची होती. १९७१ च्या सुमारास त्यांच्यावर केवडा रोगाने असा हल्ला केला, की कणसाच्या जागी नुसत्या हिरव्या जटा दिसू लागल्या. मराठी शेतकरी या रोगाला ‘गोसावी’ म्हणतो, आणि या शब्दात रोगाचे वर्णनही आहे आणि शेतकऱ्याच्या स्थितीचेही. अलीकडे उत्तर प्रदेशात उसाचा ‘को ०२३८’ हा वाण इतका लोकप्रिय झाला, की राज्याच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक ऊसक्षेत्रावर तोच दिसू लागला. वाण सार्वजनिक संशोधनाचा होता आणि उत्तमही होता. पण साखर कारखान्याला उतारा हवा, शेतकऱ्याला टनेज हवे, आणि दुसरा वाण लावण्यास कोणालाच प्रोत्साहन नाही, अशा स्थितीत लाल कूज या बुरशीजन्य रोगाने डाव साधला. विविधता हा साथींविरुद्धचा खरा विमा आहे. हप्ता आज भरावा लागतो आणि लाभ उद्या सर्वांना मिळतो, म्हणून तो कोणीच एकट्याने भरीत नाही.

या अंधाऱ्या चित्राला दुसरी बाजूही आहे, आणि ती सार्वजनिक संशोधनाने लिहिली आहे. निफाडच्या गहू संशोधन केंद्रात केनियातील गहू आणि निफाडचा गहू यांच्या संकरातून तांबेऱ्याला दाद न देणारे ‘केनफाड’ वाण तयार झाले. पुढे त्याच केंद्राने त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती असे वाण दिले. कृष्णाकाठच्या सोयाबीनवर तांबेरा दरसाल येऊ लागला तेव्हा सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रज येथील संशोधन केंद्राने तो सहन करणारे वाण शोधले. त्यांतील ‘फुले संगम’ आज शेतकऱ्यांच्या तोंडी आहे. ज्वारीच्या काणीवर तर उपाय इतका साधा निघाला, की किलोभर बियाण्याला चार ग्रॅम गंधक चोळले की काम भागते. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण १८८५ पासून जगाला ठाऊक आहे. ते शेतकरी घरच्या पिंपात करू शकतो. या साऱ्या उपायांत एक समान गुण आहे: त्यांवर कोणाचीही मक्तेदारी नाही. आणि बाजाराच्या दृष्टीने हाच त्यांचा दोष आहे. रोगप्रतिकारक बियाणे एकदा हाती आले आणि शेतकऱ्याने ते राखून ठेवले, तर फवारणीच्या बाटल्या कोण घेणार?

आज गावात रोगाची पहिली चिकित्सा कोठे होते? कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर. शेतकरी एक रोगट पान घेऊन जातो आणि दोन-तीन बाटल्या घेऊन येतो, तेही बहुधा उधारीवर. रोगाचे निदान करणारा, औषध विकणारा आणि उधारी देणारा एकच असतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१३ मधील फेरीत असे दिसले होते, की निम्म्याहून कमी शेतकरी कुटुंबांना कोणत्याही स्रोताकडून तांत्रिक सल्ला मिळतो. अशा स्थितीत दुकानदाराला दोष देऊन भागणार नाही. सरकारने सोडलेली जागा त्याने भरली आहे. नाशिक आणि सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात २००९ च्या नोव्हेंबरात ‘फयान’ वादळाच्या पावसामागोमाग केवड्याने बागा बसविल्या, हे जुन्या बागायतदारांच्या चांगले स्मरणात आहे. एका हंगामातील फवारण्या तेथे डझनांनी मोजाव्या लागतात. एकच औषध वारंवार मारले की बुरशी त्याला सरावते. ब्राझीलमधील तांबेऱ्याने औषधांचे गट असेच एकामागून एक बोथट केले. मग नवे, अधिक महाग औषध येते. आणि हे विष अंगावर घेणारा कोण? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती कीटकनाशके होती, बुरशीनाशके नव्हती. पण पाठीवर पंप घेणारा माणूस तोच, आणि त्याच्या संरक्षणाविषयीची बेपर्वाईही तीच.

पीकविम्याचे उत्तर दिले जाते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेच्या उंबरठा उत्पन्नाचे गणित येथे लक्षात घेण्यासारखे आहे. मागील सात वर्षांतील चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढून तिच्या आधारे हा उंबरठा ठरतो आणि मंडळाचे सरासरी उत्पन्न त्याखाली गेले तर भरपाई मिळते. एकदाच कोसळणाऱ्या संकटाला हे सूत्र लागू पडेल. पण जो रोग दरसाल येतो आणि दरसाल थोडे थोडे खातो, तो उंबरठाच खाली ओढतो. शेतकरी दरवर्षी बुडतो आणि कागदावर त्याचे बुडणे हेच सामान्य ठरते. शिवाय मंडळाची सरासरी एकट्या खोलगट, दमट शिवारातले नुकसान झाकून टाकते. आणि ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही त्या वाटेकऱ्याची तर बहुधा गणतीच होत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो टाळून चालणार नाही. सरकारी यंत्रणा सुस्त असते, कृषी सहायक वेळेवर बांधावर दिसत नाही, विद्यापीठाचा वाण शेतकऱ्यापर्यंत पोहोचण्यास वर्षे लागतात; मग सगळे पुन्हा सरकारवरच का सोपवावयाचे? आक्षेपात तथ्य आहे. केवळ सरकारी मालकी हे औषध नव्हे. पिकांच्या रोगप्रतिकारशक्तीचा पाया घालणारे आणि जगभरातून बियाण्यांचा अमोल संग्रह करणारे रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव यांना समाजवादाचे नाव घेणाऱ्याच राजवटीने १९४० मध्ये तुरुंगात टाकले आणि १९४३ मध्ये ते सारातोवच्या तुरुंगात मरण पावले. ज्या साली बंगालमध्ये वसाहतवादी सरकारच्या बेपर्वाईने माणसे उपाशी मेली, त्याच साली अन्नाच्या संशोधनाला वाहून घेतलेला शास्त्रज्ञ हुकूमशाहीच्या कोठडीत उपासमारीने खचला. उत्तर सत्तेच्या केंद्रीकरणात नाही आणि बाजाराच्या मोकाटपणातही नाही. ते लोकांच्या देखरेखीखालील सार्वजनिक व्यवस्थेत आहे.

अशी व्यवस्था स्वप्नातली नव्हे. महाराष्ट्रात २००८ च्या सोयाबीनवरील किडीच्या उद्रेकानंतर २००९ पासून कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प उभा राहिला आणि ठरविले तर गावोगावची नोंद आठवड्याला गोळा होऊ शकते हे त्याने दाखविले. अशा सर्वेक्षणाला ग्रामसभेची जोड हवी. कोणत्या शिवारात रोग दिसला हे गावाच्या फळ्यावर लिहिले गेले पाहिजे. तालुक्याला निदान एक रोगनिदान प्रयोगशाळा हवी, जिच्या सल्ल्याचा औषधविक्रीशी संबंध नसेल. शेतीच्या उत्पन्नाच्या एक टक्क्याहूनही कमी रक्कम कृषी संशोधनावर खर्च करणाऱ्या देशाने संशोधन केंद्रांतील रिक्त जागा भरणे ही उधळपट्टी नव्हे. एका पट्ट्यात एकच वाण पसरू नये म्हणून बियाणे महामंडळाने आणि साखर कारखान्यांनी वाणांचे वाटप ठरवून करावे. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, देण्याघेण्याचा जो हक्क दिला आहे त्याला कोणत्याही नव्या कायद्याने धक्का लावू देता कामा नये. आणि फवारणी करणाऱ्या मजुराला संरक्षक साधने व वैद्यकीय विमा मिळणे ही रोजगाराची अट असावी.

हवामान बदलत आहे, अवेळी पाऊस वाढत आहे आणि बुरशीला ओल हवी असते. २०१६ मध्ये दक्षिण अमेरिकेतला गव्हाचा करपा बांगलादेशात अवतरला आणि सुमारे पंधरा हजार हेक्टरांवर पसरला. सीमेपलीकडची नदिया आणि मुर्शिदाबाद ही आपलीच शेते आहेत. यापुढेही रोग येतील, काही ओळखीचे, काही अनोळखी. त्यांना येऊच द्यावयाचे नाही हे कोणत्याही सरकारच्या हातात नाही. पण ते आले तेव्हा शेतकऱ्याने एकट्याने दुकानाच्या पायरीवर उभे राहावे, की त्याच्यामागे संशोधन, सल्ला आणि संरक्षण यांचे सार्वजनिक बळ असावे, ही निवड राजकीय आहे. ती करण्याचे काम मतदारांनी आणि शेतकरी-शेतमजुरांच्या संघटनांनी कृषिखात्याच्या परिपत्रकांवर सोपवून मोकळे होऊ नये.